ब्रिज एकट्याने सुधारत नाही

ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात ब्रिज खेळणाऱ्यांचा एक मोठा वर्ग मधल्या पायरीवर उभा आहे. एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक ही मोजणी त्यांना पाठ आहे. स्टेमन येतं, ट्रान्स्फर येतं, ब्लॅकवुड येतं. डमी खाली पडल्यावर हुकूम कसे काढायचे, फिनेस कुठून घ्यायची, हेही कळतं. आणि तरीही वर्षानुवर्षं त्यांचा खेळ तिथेच थांबलेला असतो. पुढे कसं जायचं, असं विचारलं की सगळीकडून एकच सल्ला मिळतो: आणखी कन्व्हेन्शन शिका, फोनवर रोज जमतील तितके डाव खेळा, आणि स्वतःचा खेळ पक्का झाला की मग स्पर्धांचं बघा. भिडूचा विचार या सल्ल्यात शेवटी येतो, नाही तर येतच नाही.

हा सल्ला चुकीचा आहे, असं माझं ठाम मत आहे. तो देणारे बहुतेकदा चांगले खेळाडू असतात, कळकळीने देतात, आणि घेणारे प्रामाणिकपणे पाळतात. म्हणूनच त्याचं खंडन नीट व्हायला हवं.

आधी पूर्वपक्ष, त्याच्या पूर्ण ताकदीनिशी. ब्रिज हा बुद्धीचा खेळ आहे आणि बुद्धी माणसागणिक वेगळी असते. पानं लक्षात ठेवणं, शक्यता मोजणं, प्रतिस्पर्ध्याच्या हातातली रचना ओळखणं ही कामं दोघांनी मिळून करायची नसतात. विरुद्ध बाजूकडे हुकमाची पाच पानं असतील तर ती 3-2 अशी फुटण्याची शक्यता 68 टक्के आणि 4-1 फुटण्याची 28 टक्के, हे ज्याला माहीत आहे तो भिडू कोणीही असला तरी डाव बरोबर खेळेल. खरा तयार खेळाडू अनोळखी माणसासमोर बसूनही जिंकतो, हे आपण पाहतो. शिवाय कन्व्हेन्शन ही साधनं आहेत. ज्याच्याकडे जास्त साधनं, तो जास्त डाव अचूक सांगू शकेल. पुरावा म्हणून इटलीचा ‘ब्ल्यू टीम’ समोर ठेवला जातो. 1957 ते 1969 या काळात त्यांनी बर्म्युडा बोल ही जागतिक स्पर्धा सलग दहा वेळा जिंकली, आणि त्यांच्या बोलीच्या पद्धती त्या काळातल्या सर्वांत गुंतागुंतीच्या पद्धतींपैकी होत्या. शेवटी सरावाचा मुद्दा: तेरा पानांचे वेगवेगळे हात 6,35,01,35,59,600 होऊ शकतात. इतक्या मोठ्या खेळात जितके जास्त डाव डोळ्यांखालून जातील तितकं बरं, आणि फोनवर संध्याकाळी तीस डाव होतात, जे घरी चौघं जमवून होणार नाहीत.

यातली शक्यतांची गोष्ट शंभर टक्के खरी आहे. डिक्लेररचा खेळ एकट्याचा असतो. तो पुस्तकावरून, फोनवर, संगणकाशी खेळून सुधारता येतो, आणि ज्याने तो तसा सुधारला नाही त्याने जरूर सुधारावा. माझा आक्षेप इथून पुढे सुरू होतो.

एका बैठकीत समजा 24 बोर्ड झाले. दर बोर्डाला चौघांपैकी एक जण डिक्लेरर, समोरचा डमी, उरलेले दोघे बचावाला. लांबच्या हिशेबात प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी सहा वेळा डिक्लेररपण येतं, सहा वेळा तो डमी म्हणून गप्प बसतो, आणि बारा वेळा बचाव करतो. बोली मात्र चोवीसही बोर्डांना करावी लागते. म्हणजे ज्या कौशल्याला आपण ‘माझा खेळ’ म्हणतो ते चोवीसपैकी सहा बोर्डांच्या उत्तरार्धात कामाला येतं. चोवीस बोल्या आणि बारा बचाव या सगळ्या गोष्टी दोन माणसांत मिळून घडतात. माझ्या बोलीला अर्थ येतो तो समोरच्याने ती कशी वाचली यावरून. मी टाकलेल्या पानाचंही तसंच. जो सल्ला या मोठ्या हिश्शाबद्दल काहीच सांगत नाही, तो मधल्या पायरीवरच्या खेळाडूला पुढे नेणार कसा?

बचावाचं एक साधं उदाहरण घेऊ. विरुद्ध जोडी चार इस्पिक खेळते आहे. तुमच्याकडे बदामाचा एक्का-राजा आहे. तुम्ही एक्क्याची उतारी करता. डमीकडे तीन लहान बदाम. भिडू दुर्री टाकतो. आता पुढे राजा खेळायचा की रंग बदलायचा? जुन्या, सरळ पद्धतीत लहान पान म्हणजे ‘हा रंग नको’. उलट्या पद्धतीत, जी आज पुष्कळ जण खेळतात, लहान पान म्हणजे ‘चालू ठेव’. समजा भिडूकडे बदामाची अठ्ठी-दुर्री अशी दोनच पानं आहेत आणि त्याला तिसरा बदाम कापायचा आहे. सरळ पद्धतीत त्याने अठ्ठी टाकायला हवी, उलट्या पद्धतीत दुर्री. दोघांनाही खुणांचं शास्त्र येतं, दोघंही हुशार आहेत, आणि तरी डाव जातो, कारण कोणती पद्धत हे दोघांनी एकमेकांना कधी विचारलेलं नाही. अशा डावानंतर दोघंही ‘समोरच्याला खेळ येत नाही’ असं मानून घरी जातात. दोघांचंही मत चूक असतं.

आता कन्व्हेन्शनकडे. ब्रिजच्या बोलीत एकूण पंधरा शब्द आहेत: एक ते सात आकडे, चार रंग आणि बिनहुकुमी, आणि पास, डबल, रिडबल. एवढ्या तुटपुंज्या शब्दसंग्रहात दोन माणसांनी 26 पानांचं वर्णन करायचं असतं. साहजिकच एकेका शब्दावर पुष्कळ अर्थांचा भार पडतो, आणि कन्व्हेन्शन म्हणजे त्या अर्थांची वाटणी. मधल्या पायरीवरचा खेळाडू ती वाटणी अर्धीच शिकतो. एक बिनहुकुमीवर दोन किलवर म्हणजे स्टेमन, चार पानी इस्पिक किंवा बदाम आहे का अशी विचारणा, हे त्याला येतं. पण त्या दोन किलवरवर डावीकडच्याने डबल दिला तर? आता उघडणाऱ्याचा पास काय सांगतो, रिडबल काय सांगतो, दोन चौकट म्हणजे अजून ‘चार पानी मेजर नाही’ की आणखी काही? ट्रान्स्फरवर मधेच प्रतिस्पर्धी बोलला तर? भिडूने एक बदाम उघडला, उजवीकडचा दोन किलवर बोलला आणि तुम्ही डबल दिला, तर तो किलवर पाडण्यासाठी की ‘माझ्याकडे इस्पिक आणि थोडी ताकद आहे’ हे सांगण्यासाठी? दुसऱ्या अर्थाचा डबल 1957 मध्ये अमेरिकेच्या ॲल्विन रॉथ यांनी रूढ केला. त्याच वर्षी अवकाशात गेलेल्या उपग्रहावरून लोक त्याला ‘स्पुटनिक’ म्हणत. आज तो जगभर खेळला जातो. तरी तो कुठल्या पातळीपर्यंत तसा आणि कुठून पुढे दंडाचा, हे प्रत्येक जोडीला स्वतः ठरवावं लागतं, आणि आपल्याकडच्या किती जोड्यांनी ते ठरवलं आहे?

स्पर्धेत प्रतिस्पर्धी गप्प बसत नाहीत. पुस्तकातली कन्व्हेन्शन बहुतेक वेळा ते गप्प बसतील असं धरून शिकवलेली असतात. म्हणून वीस कन्व्हेन्शन वरवर जाणणाऱ्या दोन माणसांपेक्षा सहा कन्व्हेन्शन शेवटच्या फांदीपर्यंत ठरवलेली जोडी पुढे जाते. नवीन कन्व्हेन्शन घेण्यात माझा काही विरोध नाही. ते घेताना दोघांनी एका जागी बसून ‘मधे कोणी बोललं तर काय’ हा प्रश्न सुटेपर्यंत ते टेबलावर आणू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

ब्ल्यू टीमचा दाखला इथे पूर्वपक्षाच्या विरुद्ध जातो. त्या संघातल्या जोड्या एकच पद्धत खेळत नव्हत्या. बेलाडोना आणि अवारेल्ली यांचा ‘रोमन क्लब’ वेगळा होता. फोर्के आणि गारोझ्झो नेपल्सच्या परंपरेतून आलेली दुसरी पद्धत खेळत. यश पद्धतीच्या गुंतागुंतीत असतं तर त्यांतली एखादीच पद्धत जिंकायला हवी होती. वेगवेगळ्या पद्धतींनी जोड्या जिंकल्या याचा अर्थ प्रत्येक जोडीला स्वतःची पद्धत दोन्ही बाजूंनी, तळापर्यंत माहीत होती. त्यांच्याकडून हरून हरून अमेरिकेने काय केलं, तेही पाहण्यासारखं आहे. डॅलसचे उद्योजक आयरा कॉर्न यांनी 1968 मध्ये पगारी खेळाडूंचा संघ उभा केला, त्याचं नाव ‘एसेस’. त्यांनी या खेळाडूंना पूर्णवेळ एकत्र बसवून सराव करायला लावला, आणि खेळलेल्या डावांतल्या चुका तपासणं हा त्या सरावाचा गाभा होता. 1970 आणि 1971 मध्ये हा संघ जगज्जेता झाला. इटलीचा जुना संघ तोवर निवृत्त झाला होता, हे खरं. पण दोन-तीन वर्षांत जगाच्या शिखरावर जाण्यासाठी त्यांनी निवडलेला मार्ग जोड्या घडवण्याचा होता, हेही तितकंच खरं.

उलट बाजूचा पुरावा याहून जुना आहे. हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी 1925 मध्ये आजच्या काँट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धती आखली आणि पाच-सहा वर्षांत अमेरिकेत या खेळाचं वेड पसरलं. 1931च्या डिसेंबरात एली कल्बर्टसन आणि सिडनी लेन्झ यांच्यात दीडशे रबरांचा सामना सुरू झाला. लेन्झ पानांच्या खेळात त्या पिढीतले अव्वल मानले जात, आणि समोर भिडू म्हणून तरुण ऑसवाल्ड जेकोबी, जे पुढे जगातल्या मोठ्या खेळाडूंत गणले गेले. व्यक्ती म्हणून पाहिलं तर यापेक्षा भारी जोडी जमवणं अवघड. सामना अर्ध्याच्या पुढे गेल्यावर दोघांतल्या वादामुळे जेकोबी उठून गेले, लेन्झना उरलेला सामना दुसऱ्या भिडूबरोबर पुरा करावा लागला, आणि ते हरले. कल्बर्टसननीही त्या सामन्यात भिडू बदलले, हे कोणी माझ्याविरुद्ध सांगेल. पण त्यांच्या बाजूला बसणारा प्रत्येक जण, त्यांची पत्नी जोसेफिन धरून, एकच लिहून ठेवलेली पद्धत खेळत होता. माणूस बदलला तरी करार तोच होता.

इंग्लंडच्या एस. जे. सायमन यांनी 1945 मध्ये ‘व्हाय यू लूज ॲट ब्रिज’ हे पुस्तक लिहिलं. त्यातलं एक पात्र म्हणजे सगळं तंत्र अवगत असलेला, तरी सतत हरणारा तज्ज्ञ. तो हरतो कारण समोर बसलेल्या माणसाला काय झेपेल याचा तो विचारच करत नाही. कागदावर सर्वोत्तम असलेली बोली करतो आणि भिडूला खड्ड्यात टाकतो. हे पुस्तक मधल्या पायरीवरच्या प्रत्येकाने वाचावं असं मला वाटतं, कारण चांगला खेळाडू आणि जिंकणारा खेळाडू यांतला फरक इतक्या स्पष्टपणे कोणी फारसा सांगितलेला नाही.

आता सरावाचा मुद्दा. 2020च्या टाळेबंदीत ब्रिज फोनवर गेला, आणि तो तिथे गेला म्हणून टिकला, हे मी कृतज्ञतेने मान्य करतो. पण दर अर्ध्या तासाला नवा अनोळखी भिडू घेऊन तीस डाव खेळणारा नेमकं काय शिकतो, हे पाहा. समोरच्याला काय माहीत आहे हे ठाऊक नसल्यामुळे तो गैरसमज होणारच नाही अशी बोली निवडतो. जिथे नाजूक निर्णय असतो, तिथे तो उडी मारून थेट गेम बोलतो, नाही तर पास करतो. म्हणजे ज्या प्रदेशात सुधारणा व्हायची तो प्रदेशच तो टाळायला शिकतो. दुसरं, आणि जास्त गंभीर: डाव बिघडला तर चूक कशाची हे कळत नाही. माझा अंदाज चुकला की आमच्यात त्या बोलीचा अर्थ ठरलेला नव्हता? भिडू पुढच्या मिनिटाला निघून गेलेला असतो. पक्क्या जोडीत अर्थ ठरलेला असतो, म्हणून चूक उघडी पडते. ‘तीन बदाम म्हणजे काय हे आपण मार्चमध्ये ठरवलं होतं, तरी तू चारवर गेलास, म्हणजे हाताची किंमत जास्त लावलीस’ असं वाक्य फक्त पक्क्या जोडीतच बोलता येतं, आणि सुधारणा या वाक्यातून सुरू होते.

त्या तीन बदामांचंच पाहू. भिडूने एक बदाम उघडला, उजवीकडचा एक इस्पिक बोलला, तुम्ही तीन बदाम. काही जोड्यांत याचा अर्थ दहा-अकरा गुण आणि गेमचं आमंत्रण. काहींत कमी गुण, बदामाची चार पानं, आणि प्रतिस्पर्ध्याला अडवण्याचा हेतू. चांगल्या हातासाठी ते प्रतिस्पर्ध्याचाच रंग, म्हणजे दोन इस्पिक, बोलतात. दोन्ही पद्धती रास्त आहेत. टेबलावर एकाने एक आणि दुसऱ्याने दुसरी धरली तर मात्र कधी बनणारा गेम सुटतो, कधी न बनणारा बोलला जातो.

सांघिक सामन्यात याची किंमत किती? व्हल्नरेबल असताना चार बदाम बोलून बनवले तर 620, आणि दुसऱ्या टेबलावर तीनवर थांबून दहा हात केले तर 170. फरक 450, म्हणजे सांघिक सामन्यातल्या गुणांत 10 इम्प. गेम बोलून एक हात कमी पडला तर 100 जातात, दुसऱ्या टेबलावर 140 मिळतात. फरक 240, म्हणजे 6 इम्प. सहा गमावण्याच्या जोखमीवर दहा मिळत असतील तर साधारण 38 टक्के शक्यतेचा गेमसुद्धा बोलायला हवा. नॉन-व्हल्नरेबल असताना हेच गणित सहाला पाच असं येतं, म्हणजे 45 टक्क्यांच्या आसपास. जोड्यांच्या स्पर्धेत, जिथे किती टेबलांना मागे टाकलं एवढंच मोजतात, तिथे निम्म्याहून अधिक शक्यता लागते. हे गणित पुस्तकात मिळतं आणि एकटा माणूस ते शिकू शकतो. पण शिकून टेबलावर आला की काय होतं? तो 38 टक्के लक्षात ठेवून हलक्या हातावर आमंत्रण देतो. भिडूनेही तेच पुस्तक वाचलेलं असतं. तो हलक्या हातावर ते स्वीकारतो. एकच धाडस दोनदा मोजलं गेलं आणि गेम 25 टक्क्यांचा झाला. म्हणून अनुभवी जोड्या आधीच ठरवतात की आमंत्रण पुरेशा ताकदीवर द्यायचं आणि स्वीकारताना उदार व्हायचं. एकट्याने मिळवलेलं बरोबर ज्ञान दोघांत चूक ठरतं, याचा इतका चोख नमुना दुसरा नसेल.

झाँ-रने व्हेर्न या फ्रेंच लेखकाने मांडलेला एकूण हातांचा नियमही असाच. दोन्ही जोड्यांचे मिळून जितके हुकूम, साधारण तितके दोन्ही बाजूंचे मिळून हात. त्यावरून निघालेला आडाखा असा की आपले मिळून आठ हुकूम असतील तर दोनपर्यंत झगडावं, नऊ असतील तर तीनपर्यंत. पण आपले हुकूम आठ आहेत की नऊ हे कळणार कसं? भिडूचा पाठिंबा तीन पानांचा की चार पानांचा, हे बोलीतून कळलं तरच.

आपल्या भागातल्या लोकांना हे पटायला खरं तर जड जाऊ नये. कल्याण-डोंबिवलीहून लोकलने रोज तासाभराचा प्रवास करणाऱ्यांत पत्त्यांचे गट अनेक वर्षं आहेत; तीच गाडी, तोच डबा, मांडीवर आडवी ठेवलेली ब्रीफकेस आणि समोरासमोर तेच भिडू. त्यांतला आवडीचा खेळ मेंढीकोट. तोही चौघांचा, दोन-दोनच्या जोड्यांचा, चार दश्श्या पकडण्याचा. कट हुकूम असो की बंद हुकूम, समोरच्याने कुठल्या रंगात काय टाकलं यावरून त्याच्या हातात काय असेल हे ओळखण्याची सवय मेंढीकोट लावतो. लोकलमधल्या जुन्या जोड्या ज्या सहजतेने खेळतात ती सहजता वर्षानुवर्षं त्याच माणसासमोर बसण्यातून आली आहे. भिडू पक्का असावा हे शहाणपण आपल्याकडे होतंच. ब्रिजकडे वळताना आपण ते मागे टाकलं.

मेंढीकोटवरून ब्रिजला आलेल्यांना दोन गोष्टी मात्र सोडाव्या लागतात. मेंढीकोटात बोलीचा संवाद नाही, त्यामुळे त्यांना बोली ही उगीचची औपचारिकता वाटते आणि पटकन उरकून पानं खेळायची घाई होते. दुसरी गोष्ट, खाणाखुणा. काही गटांत त्या चालवून घेतल्या जातात. ब्रिजमध्ये जोडीतला समज जितका खोल तितका तो उघडा असावा लागतो. तुमच्या बोलीचा ठरलेला अर्थ प्रतिस्पर्ध्याने विचारला तर सांगणं नियमाने बंधनकारक आहे. असाधारण अर्थ असेल तर न विचारताही अलर्ट करायचा असतो. भिडूने बोलायला लावलेला वेळ, त्याचा सुस्कारा, पान टाकण्याची पद्धत यांचा फायदा घ्यायचा नाही. पक्की जोडी म्हणजे गुप्त संकेतांची जोडी, असा जो संशय काही लोक घेतात, त्याचं उत्तर या नियमांत आहे. 2015 मध्ये जगातल्या काही नामांकित जोड्यांवर गुप्त खुणांचे आरोप झाले आणि त्यांच्यावर बंदी आली, तेव्हा ब्रिजच्या जगाने स्वतःच्याच मोठ्या नावांना माफ केलं नाही.

राहिला ‘आधी तयार व्हा, मग स्पर्धा’ हा मुद्दा. घरगुती किंवा लोकलमधल्या खेळात ज्याला पानं चांगली आली तो जिंकतो, आणि तुम्ही तीन बिनहुकुमीत एक हात कमी केलात की तो डाव बनत होता का, हे कोणालाच कळत नाही. डुप्लिकेट स्पर्धेत तीच पानं प्रत्येक टेबलावर फिरतात. तुमच्याच पानांवर इतरांनी काय केलं हे बैठक संपताच समोर असतं. चोवीस बोर्ड, साधारण तीन तास, आणि प्रत्येक बोर्डावर एक निकाल, जो नशिबावर ढकलता येत नाही. असं दुसरं साधन मधल्या पायरीवरच्या जोडीला उपलब्धच नाही. स्पर्धेला परीक्षा समजणारे तिच्यापासून दूर राहतात आणि आपला खेळ कुठे कच्चा आहे हे न कळताच वर्षं घालवतात. शेवटून दुसरं येणं क्लेशाचं असतं, हे मला माहीत आहे. पण त्या निकालपत्रात जोडीच्या पुढच्या महिन्याचा अभ्यास लिहिलेला असतो.

स्पर्धांपासून दूर राहण्याचं घरच्यांचा विरोध हेही एक कारण असतं. पत्ते म्हटलं की जुगार डोळ्यांसमोर येतो. सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवताना त्यातल्या नशिबाच्या भागाची तुलना ब्रिजच्या वाटपाशी केली होती; म्हणजे ब्रिज कौशल्याचा आहे हे न्यायालयाने गृहीतच धरलं होतं. त्यानंतर 2018 मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ब्रिज पहिल्यांदाच आला आणि बंगालच्या प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी पुरुषांच्या जोडीत सुवर्ण मिळवलं. तेव्हा बर्धन साठ वर्षांचे होते, सरकार छप्पन्न. त्या वर्षी भारताला ब्रिजमध्ये आणखी दोन कांस्यपदकं मिळाली, आणि पुढे हांगझोच्या स्पर्धेत पुरुष संघाने रौप्य जिंकलं. सुवर्ण जोडीच्या प्रकारात आलं, आणि ज्या वयात बहुतेक खेळ संपलेले असतात त्या वयात आलं. निवृत्तीनंतर ब्रिजकडे वळणाऱ्या ठाणे-डोंबिवलीकरांनी याची नोंद घ्यायला हवी.

अडचणी खऱ्या आहेत. मोठ्या स्पर्धा अनेकदा मुंबईत असतात, परतीला शेवटच्या गाड्यांचा हिशेब ठेवावा लागतो, आणि दोघांच्या सवडी जुळत नाहीत. पण जोडीच्या अभ्यासाला चौघं लागत नाहीत. दोघांनी तेरा-तेरा पानं घेऊन फक्त बोली करायची, मग पानं उघडून पाहायची. अर्ध्या तासात दहा डाव होतात. फोनवरही दोघांनीच बसून बोलीचा सराव करण्याची सोय आहे, तेव्हा एक कल्याणला आणि एक घोडबंदर रोडला राहत असला तरी काही अडत नाही. फोनचा असा उपयोग करणाऱ्या जोडीबद्दल माझी काही तक्रार नाही. ठरलेलं सगळं एका वहीत लिहावं. तोंडी ठरवलेलं महिन्याभरात दोघांच्या डोक्यात दोन प्रकारे बसतं. टेबलावर भिडूला एक शब्दही बोलू नये; चिरफाड घरी, निकालपत्र समोर ठेवून, आणि आधी ‘आपलं काय ठरलं होतं’ असं विचारून.

शेवटचा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो: भिडूच कच्चा असेल तर? तर जो सरस आहे त्याने पद्धत दुसऱ्याच्या मापाची ठेवावी. ज्या कन्व्हेन्शनचा अर्थ एकालाच शंभर टक्के माहीत आहे, ते त्या जोडीसाठी अस्तित्वातच नाही. डिक्लेररचा खेळ कच्चा असलेला भिडू पुस्तकाने सुधारतो; त्याला त्यासाठी वेळ द्यावा. ठरवलेलं वारंवार मोडणारा भिडू मात्र सुधारत नाही, आणि कच्चेपणा व बेशिस्त यांत गल्लत करू नये. वर्षभराच्या वहीत त्याच प्रकारचे गैरसमज पुन्हा पुन्हा दिसत असतील, तर मोकळेपणाने बोलून वेगळं व्हावं. वेगळं होण्यापूर्वी दोघांनी ती वही एकदा बसून वाचावी. नव्या भिडूबरोबर पहिल्या दिवशी काय काय ठरवून घ्यायचं, ते तिच्यात सगळं लिहिलेलं सापडेल.